रिव्हर्सचं गाणं

मला रडवणारं गाणं जगात एकच आहे, आणि ते पिकअप मागं घेताना वाजतं.

हसू नका. मी चौथीत शाळा सोडली तेव्हा मास्तर रडले होते, मी नाही. (आनंदानं रडले, असं आमची मंडळी म्हणते. तिचं सोडा.) लेकीच्या, सुमनच्या लग्नात सनईवाल्यानं जीव तोडून वाजवलं. अख्खं सणसर गाव हुंदके देत होतं आणि मी मिशीला पीळ देत उभा! मग लेक आणि रुखवत एकाच पिकअपमधून निघालं. आमच्या अंगणाला तिन्ही बाजूंनी ऊस, त्यामुळं बाहेर पडायला गाडी मागंच घ्यावी लागते. मागं येता येता ती नाकातून गायला लागली, टुई टुई टुईऽऽ, आणि काचेआड सुमनचं तोंड लहान लहान होत गेलं. मी तडक उसात! बाहेर आलो ते लाल डोळे घेऊन. “पाचट गेलं डोळ्यात,” म्हणालो. सगळ्यांना पटलं. मंडळी सोडून.

तेव्हापासून कुठलीही गाडी मागं आली की डोळ्यांना धार. बारामतीत खताच्या दुकानापुढं टेम्पो मागं आला, तर दुकानदारानं मला खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाला, “तात्या, भाव मी ठरवत न्हाय वो!”

आता यंदाचं सांगतो. नात पूनमला कोऱ्हाळे बुद्रुकच्या पाहुण्यांनी पसंत केलं होतं. तिलाही मुलगा आवडला होता. (तिनं सांगितलं नाही, पण त्या दिवशी पोहे चारदा चाखून बघितले.) फक्त सुपारी फुटायची राहिली होती. मुलगा आपल्या आजोबांना, आबांना घेऊन स्वतःच्या डाळिंबाच्या पिकअपमधून आला. आबा उतरले, मी हात जोडले, आणि मुलानं गाडी सावलीला लावायला जरा मागं घेतली.

टुई टुई टुईऽऽ!

“अवो तात्या, काय झालं?” आबा घाबरले.

खरं सांगितलं असतं तर तिथंच मिटलं असतं. पण होणाऱ्या सोयऱ्यांपुढं हॉर्न ऐकून रडलो म्हणू? मी म्हणालो, “आमचा चुलतभाऊ बापू गेला. आत्ताच फोन आला.” (फोन आत चार्जिंगला होता.)

“मंग सुतक लागलं की! आज सुपारी कशी फुटायची?”

“लांबचा भाऊ हाय वो! फार सुतक न्हाय!”

“लांबचा, आन् एवढं रडताय?” आता आबांचेच डोळे भरले. “मोठ्या मनाचा मानूस! चला, मातीला आमी बी येतो.”

“आज राहू द्या की माती!” मी ओरडलो.

“माती कशी राहील, तात्या?”

आबांनी मला ओढून गाडीत बसवलं. अंगणातून निघायला मुलानं गाडी पुन्हा मागं घेतली, टुई टुई, मी आणखी मोठ्यानं रडलो, आणि मागून कुणीतरी फाळक्यावर थाप मारली. “आरं, चिरडताय का मला?” कडक इस्त्रीची टोपी घालून सुपारीला आलेला बापू!

“दादा, रडतोस का? कोण गेलं?”

“तूच,” मी म्हणालो.

आबा खाली उतरले. “जित्या भावाला मारणारं घर हाय हे! हितं सोयरीक न्हाय करायची. चल रं.”

दारात पूनम उभी होती. नुसती माझ्याकडं बघत राहिली. ते बघणं मला झेपेना.

“आबा,” मी म्हणालो, “तुमच्या गाडीचं ते गाणं वाजलं की मला माझी लेक आठवती. हॉर्नला रडतो मी.”

आबा नातवाला म्हणाले, “परत लाव रं.”

त्यानं लावलं. मी मुठी आवळल्या, दात आवळले, तरी मिशी भिजलीच.

“खरं हाय,” आबा म्हणाले. “एवढं नाटक चौथीवाल्याला जमायचं न्हाय.”

सुपारी बापूनं फोडली. “मेलेल्याचा मान पहिला,” म्हणाला.

लग्नाला मात्र मी तयारीनं उतरलो! अंगणापुढचा सगळा ऊस आडवा केला आणि गाडी सरळ पुढं निघेल अशी वाट काढली. म्हातारा येडा झाला, म्हणाले लोक. म्हणोत! पूनमची गाडी हूं की चूं न करता पुढच्या पुढं निघून गेली.

आणि मी सुमनच्या वेळेपेक्षा दुप्पट रडलो.

“दादा,” बापू कानाशी येऊन म्हणाला, “आता कुठलं गानं वाजलं?”

पाचट गेलं म्हणावं, तर ऊस मीच तोडून टाकलेला!