जाताना नऊ तास, येताना सात

दुसरी मोठी लढाई संपल्यानंतरच्या वर्षी केडगावच्या आमच्या घरी मुलीसाठी मुंबईचे एक स्थळ आले. स्थळ मुंबईतच राहणाऱ्या माझ्या मेहुण्याने आणले होते. आधीच्या स्थळाने सांगितलेली नोकरी मुळात नव्हतीच, हे साखरपुड्याच्या तोंडावर उघडकीस आले होते. त्यामुळे या वेळी प्रश्न मी विचारायचे ठरवले.

मुलगा घरी आला तेव्हा बोलता बोलता म्हणाला, कारखान्याच्या यंत्राचा सुटा भाग आणायला त्याला विमानाने कलकत्त्याला पाठवले होते.

"किती वेळ लागला?"

"जाताना नऊ तास. येताना सात."

मी चहाची बशी खाली ठेवली. मैल तेवढेच, विमान तसलेच. पुण्याला जाताना सुप्याला मोटारीत पाणी घालायला थांबले तरी जाण्या-येण्यात दोन तासांचा फरक पडत नाही.

"वाटेत कुठे जास्त थांबलं का?"

"नाही. दोन्ही वेळा नागपूरला, सारखंच."

"मग फरक कशाने?"

"ते नाही सांगता येणार. विमानतळावरच्या घड्याळांत जे दिसलं ते सांगितलं."

"तुमचं घड्याळ?"

"माझ्याकडे नाही."

विमानात बसणारा माणूस, आणि मनगटाला घड्याळ नाही! मुलगा नमस्कार करून स्टेशनकडे निघाला. मेहुणा आमचे उत्तर घेऊन मागून जाणार होता.

"हा विमानात बसलेलाच नाही," मी म्हणालो.

"तुम्ही तरी कुठे बसलाय?" सौभाग्यवती आतून म्हणाली.

कोटाच्या खिशातले घड्याळ काढून मेहुणा काटे मागे फिरवू लागला.

"हे काय करताय?"

"मुंबईची वेळ वेगळी, ती लावतोय. आमची घड्याळं तुमच्या स्टँडर्ड टाइमच्या मागेच असतात ना! कलकत्तेकरांची उलटी, पुढे. आमच्यात नि त्यांच्यात तासाभराचं अंतर."

मी पाटी मागवली. जाताना निघायची वेळ मुंबईची, पोचायची कलकत्त्याची. तास फुकटचा वाढला. येताना तेवढाच कमी झाला. एकीकडचा काढून दुसरीकडे घातला, तर जायला आठ, यायला आठ.

तरी मी पाटी पुसून पुन्हा मांडली. आकडे तेच आले. मग लक्षात आले, थाप मारणाऱ्याने दोन्हीकडे आठच सांगितले असते. निदान उलट्या वाऱ्याची सबब तरी पुढे केली असती. याने सरळ 'नाही सांगता येणार' म्हटले होते.

मुलगी दाराशी उभी होती. तिला विचारले, "तुझं काय म्हणणं?"

"माझं तुमच्या आधीच ठरलंय, बाबा. तुमचे आणखी प्रश्न असतील तर गाडी यायच्या आत जाऊन विचारा."

"प्रश्न नाहीत," मी म्हणालो, आणि टोपी घालून मेहुण्याबरोबर स्टेशनकडे निघालो.