गंगापूर धरणावर, दामूच्या बोटीत खोट काढायला

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे मेथी निवडणं. रविवारची संध्याकाळ होती. सुमन पानं खुडत होती, मी देठ बाजूला करत होतो. ती म्हणाली, "अहो, दामूनं धरणावर बोटींचं काम घेतलंय म्हणं. बघून येऊ एकदा. त्याचा हात लय सरळ हाय."

मी म्हणालो, "तूच जा."

तिनं पुढची जुडी सोडली. तिसऱ्या दिवशी तिच्या छातीत दुखायला लागलं आणि दवाखान्यात पोचायच्या आत ती गेली.

दीड महिन्यानं मी एकटाच सिन्नरहून निघालो. खरं सांगतो, बोट बघायला नाही, बोटीत खोट काढायला निघालो.

दामू कोण, ते सांगतो. नव्वद सालाच्या आसपास आम्ही तिघं नाशिकला अंबडच्या एका शेडमध्ये कामाला होतो. तिथं फायबरच्या बोटी बनत. बोट पालथी घालायची, लांबी (खड्डे बुजवायचा लेप) भरायची, वाळली की मशीननं घासून पाठ सरळ करायची. मी ग्राइंडरचा मिस्त्री, दामू माझ्या हाताखाली सँडर (घासायची मशीन) चालवायचा, सुमन बायकांच्या रांगेत ओला पॉलिश पेपर मारायची. पण शेवटी बोट पास करायला सगळे तिलाच बोलवत. ती डोळे मिटून तळहात फिरवायची आणि म्हणायची, "इथं बसलंय." तिथं बसलेलंच (खोलगट राहिलेलं) असायचं. माझ्या कामावर हात फिरवून ती "ठीक" म्हणायची. दामूच्या कामाला "सरळ" म्हणायची. हे मला तेव्हापासून टोचत होतं.

एसटीत शेजारी झेंडूच्या दोन टोपल्या घेतलेली बाई बसली होती.

"कुठं निघाले बाबा?"

"धरणावर. बोट बघायला."

"या वयात बोटीत बसणार व्हय?"

"बसतो कशाला? तिची पाठ बघायची हाय."

बाईनं माझ्याकडं नीट बघितलं आणि टोपली जरा आपल्याकडं ओढली.

नाशिकला उतरून काळ्या रश्श्याची मिसळ खाल्ली. घाईत एवढा रस्सा ओतला की ठसका लागून डोळ्यातून पाणी आलं. समोरचा माणूस म्हणाला, "बाबा, दही मागवू का?" मी हातानंच नको म्हटलं. पुढं सिटी बसमध्ये डुलकी लागली, दचकून उठलो आणि धरणाच्या बऱ्याच अलीकडं, सोमेश्वरलाच उतरलो. तिथून चालत निघालो. दोन्ही बाजूंना द्राक्षाच्या बागा, मध्येच पेरूवाले. एक पेरू घेतला, कच्चा निघाला, तरी खाल्ला.

धरण दिसलं तेव्हा उभा राहिलो. एवढं पाणी, वर मोकळं आभाळ, गार वारा. पहिला विचार आला तो असा, की ह्याला असली जागा मिळाली कामाला! आमच्या शेडमधून समोरच्या शेडचा पत्रा दिसायचा.

दामू झाडाखाली एका पालथ्या बोटीवर वाकला होता. तोंडाला फडकं, भुवया पांढऱ्या. मला बघून त्यानं मशीन बंद केली. "दादा! वैनींचं कळलं. मी यायला पाहिजे व्हतं..."

"राहू दे. बोट दाखव."

त्यानं चहा मागवला. मी चहा तसाच ठेवून बोटीवर हात फिरवायला लागलो. टोकापासून मागपर्यंत गेलो, परत आलो. काही सापडेना. जेवढं सापडेना तेवढा मी जळत होतो.

शेवटी म्हणालो, "इथं उंच हाय. आण ती मशीन."

उंच नव्हतं. मला माहीत होतं. दामूलाही माहीत असणार, पण मी त्याचा जुना मिस्त्री, त्यानं मुकाट्यानं सँडर हातात दिली. मी कड टेकवली आणि वरून जोर दिला. लांबीचा पांढरा थर बघता बघता उडाला, खालच्या फायबरचे धागे दिसायला लागले. दामूनं पळत जाऊन मशीनची पिन काढली.

हाताच्या पंजाएवढा खड्डा पडला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी रंग लागायचा होता त्या बोटीला.

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. खाली बसून खड्ड्यावर बोट फिरवत म्हणाला, "दाब दिला तुम्ही, दादा. वैनी म्हणायच्या, मशीन तिच्या वजनावर सोडायची. आपण फक्त वाट दाखवायची."

"सुमन? तुला कधी म्हणाली?"

"डब्याच्या सुट्टीत. वर्षभर शिकवलं त्यांनी मला. डोळे मिटून हात फिरवायला लावायच्या. चुकलो की मनगटावर चापट."

"मला नाय कधी शिकवलं."

"तुम्ही विचारलं व्हतं?"

डब्याच्या सुट्टीत मी गेटबाहेर पानटपरीवर असायचो. मिस्त्री माणूस बायकोला कामातलं काय विचारणार!

दामूनं खड्ड्यात लांबी भरली. ती रात्रभर वाळायला हवी होती. रंगवाल्याला उद्या दुपारी बोलावतो म्हणाला, जेवून जा म्हणाला. मी जेवलो नाही.

परतीच्या गाडीत खिडकीशी बसलो. अंगाला फायबरची खाज सुटली होती. लोक म्हणतील, म्हातारा मेलेल्या बायकोसाठी जळतो. जळतो, काय करू? चाळीस वर्षं संसार केला, आणि तिचं एक वर्ष दामूकडं आहे, माझ्याकडं नाही. तिच्या चापटीसुद्धा त्यानंच खाल्ल्या. धरणावर तिच्याबरोबर गेलो असतो तर तिनं माझ्या देखत त्याच्या बोटीवर हात फिरवला असता, आणि तेव्हा तरी मी काही विचारलं असतं का, कोण जाणे. घरी येऊन गार पाण्यानं अंग धुतलं आणि तसाच आडवा झालो.

सकाळी पहिल्या एसटीनं परत धरणावर गेलो. दामू सँडरला पेपर लावत होता.

"दाम्या, मशीन राहू दे. हात कसा फिरवायचा ते सांग. ती जसं सांगायची तसंच सांग, तुझं काही घालू नको."

तो हसला असता तर मी तिथूनच माघारी फिरलो असतो. हसला नाही.

"आधी अंगठी काढा," म्हणाला. "त्यांनी मलाबी पहिल्यांदा तेच सांगितलं व्हतं."

अंगठी सांध्यावर अडकली. थुंकी लावून काढली, खिशात टाकली आणि डोळे मिटले.