आरपार दिसणारा जोड

माणसाची लायकी त्याच्या घरी जाऊन कळत नाही, त्याच्या नळीच्या जोडात डोकावून कळते. माझं हार्डवेअरचं दुकान आहे आणि मागच्या दोन फळ्यांवर घरी बिअर काढणाऱ्यांचं सामान आहे. एकवीस वर्षं मी ते विकते आहे आणि एकवीस वर्षं लोक आपली घाण आणून मला दाखवताहेत. "मार्लिस, हा जोड गळतोय, बघ ना." मी बघते. आतून जे निघतं, त्यानंतर दुपारचं जेवण घशाखाली उतरत नाही. पिशवीत घालून आणायचीही कुणाला लाज नाही. थेट काउंटरवर, माझ्या कॉफीच्या शेजारी ठेवतात.

या सगळ्यांत एकच माणूस स्वच्छ होता, तो म्हणजे व्हर्लिन टेश.

व्हर्लिननं अडतीस वर्षं दुधाचा टँकर चालवला. आमच्या विस्कॉन्सिनमध्ये टँकरवाला म्हणजे नुसता ड्रायव्हर नव्हे. गोठ्यावर येऊन तो टाकीचं झाकण उचलतो, नाक आत घालतो आणि ठरवतो, दूध घ्यायचं की नाही. एका वसंतात आमच्या गाई रानकांद्यात चरल्या होत्या आणि दुधाला त्याचा वास लागला होता. व्हर्लिननं झाकण उचललं, परत ठेवलं आणि म्हणाला, "आज नाही, आर्थर." आर्थर म्हणजे माझे वडील, वाऱ्याशी भांडणारा माणूस. पण त्या दिवशी त्यांनी मुकाट्यानं सगळी टाकी ओतून दिली.

निवृत्त झाल्यावर व्हर्लिन गॅरेजमध्ये बिअर काढायला लागला आणि घरी बिअर काढणाऱ्यांच्या आमच्या क्लबनं त्याचं नाक डोक्यावर घेतलं. काउंटीच्या जत्रेत बिअरची बक्षिसं तोच ठरवायचा. त्यानं ग्लास हुंगून मान हलवली की विषय संपला.

मार्चमध्ये तो दुकानात आला तेव्हा उजव्या मनगटाला पट्टी होती. जवाचा उकळता काढा एका पातेल्यातून दुसऱ्यात न्यायला तो अजून जुन्या पद्धतीनं नळी तोटीच्या टोकावर दाबायचा आणि वरून क्लिप पिळायचा. सांधे धरलेल्या बोटांनी गरम नळी ओढताना ती सटकली आणि हात पोळला.

"लोइस म्हणते, चटकन निघणारे जोड घे, नाहीतर पातेली भंगारात घालते," तो म्हणाला. लोइस त्याची बायको. ती बोलते ते करते.

"मग बरोबर बोलते ती," मी म्हटलं.

"ती नेहमीच बरोबर बोलते, तोच तर त्रास आहे. पण बिअर बंद झाली तर मी दिवसभर करू काय? तिच्यासमोर बसू?"

मी नमुने काढून मांडले. प्लास्टिकचा जोड स्वस्त, हाताला चटका बसत नाही. व्हर्लिननं त्याच्या आतल्या खाचेत नख घातलं. "इथं काय बसेल?"

"काय बसतं ते मी रोज बघते."

त्यानं तो बाजूला सारला. मग मी क्लबचा लाडका जोड पुढे केला. चकचकीत स्टील, आत स्प्रिंगचा व्हॉल्व्ह. ओढून काढला की आपोआप बंद होतो, थेंब सांडत नाही. क्लबचा अध्यक्ष डॅरिल यानं गेल्या वर्षी सगळ्यांना तोच घ्यायला लावला होता.

"याच्या आत बघायचं कसं?" व्हर्लिननं विचारलं.

"बघायचं नाही. पाणी सोडायचं आणि देवावर हवाला ठेवायचा."

डॅरिलचाच एक जोड माझ्या ड्रॉवरमध्ये पडला होता. गळतो म्हणून तो आदल्या दिवशी टाकून गेला होता. म्हटलं, होऊ दे दर्शन. दोन पकडींनी पिळून मी तो उघडला आणि जाड, करडा, बुळबुळीत गोळा स्प्रिंगला लोंबत बाहेर आला. मी तीन मुलं वाढवली आहेत, तळघरातल्या मोरीतून मेलेलं रकून ओढून काढलं आहे. तरी मला उमासा आला. डॅरिल पेशानं दातांचा डॉक्टर. दर सहा महिन्यांनी मला खुर्चीत आडवं करून दातांच्या फटी साफ करण्यावर व्याख्यान देतो. मेला स्वतः ही पू भरलेली दाढ गॅरेजमध्ये टांगून वर्षभर बिअर काढत होता.

तोंड फिरवून मी तो व्हर्लिनच्या हातात दिला. त्यानं दूध हुंगायचा तसाच हुंगला, आधी दोनदा झटकन आणि मग एक लांब श्वास.

"जरा आंबट आहे," तो म्हणाला. "बाकी ठीक."

मी त्याच्याकडे बघत राहिले. त्याच्या चेहऱ्यावर आठी नव्हती, डोळ्यांत पाणी नव्हतं. तो वास नाकाशी धरून असा चेहरा कुणालाही ठेवता येणार नाही.

त्याला वास येतच नव्हता. ऑक्टोबरमध्ये व्हर्लिननं क्लबला पाजलेली तपकिरी बिअर आठवली. ओल्या मोज्यांचा वास येत होता तिला. डॅरिल ग्लास उजेडात धरून म्हणाला होता, "चवीला काय खोली आहे." कुणी म्हणालं, बेल्जियममध्ये शेतावर अशीच काढतात. व्हर्लिनच्या नाकाखालून गेलेली बिअर, ती वाईट कशी असेल? बावीस धडधाकट माणसं नासकं पाणी प्यायली आणि तारीफ करत घरी गेली. मीही दोन ग्लास प्यायले आणि आपल्यालाच सर्दी झाली असेल असं मनाशी म्हटलं. थुंकायचंच झालं तर पहिल्यांदा माझ्यावर थुंकायला हवं.

"व्हर्लिन," मी विचारलं, "कधीपासून?"

त्यानं जोड खाली ठेवला, हात पँटला पुसले. "मागच्याच्या मागच्या हिवाळ्यात ताप आला होता. ताप गेला, जाताना वास घेऊन गेला."

"लोइसला माहीत आहे?"

"नाही. जेवताना 'छान झालंय' म्हणतो. चाळीस वर्षं तेच म्हणत होतो, तिला काय फरक कळणार?"

"आणि जत्रेत काय करतोस?"

"रंग बघतो, फेस बघतो. मग लोकांचे चेहरे बघतो."

"लोक तुझा चेहरा बघतात, गाढवा."

तो हसला नाही. काउंटरवरचे नमुने पट्टीच्या हातानं उगाच सरळ ओळीत लावत राहिला. "म्हणून तर म्हणतोय, आत दिसेल असा दे. मला आता डोळेच राहिलेत."

मग मी कॅमलॉक काढला. खरं तर तो शेतावरच्या पंपाचा जोड, बाजूंना कानांसारखे दोन खटके असलेला. कान मिटले की घट्ट बसतो, उघडले की सुटतो. आत स्प्रिंग नाही, व्हॉल्व्ह नाही, सरळ पोकळ नळी आणि एकच रबरी वॉशर, तोही नखानं निघतो. दिसायला अगदी अडाणी आहे, म्हणून क्लबात कुणी घेत नाही. आधी तोटी बंद केली नाही तर पायावर सांडतो, आणि कान तापतात, म्हणजे हातमोजा हवाच. हे सगळं मी त्याला सांगितलं. व्हर्लिननं जोड डोळ्याला लावून माझ्याकडे बघितलं.

"मी दिसते?"

"सुरकुत्यांसकट."

मग त्यानं कान उघडले, मिटले, पुन्हा उघडले. बोटं लागतच नव्हती, तळहातानं काम होत होतं. आठ जोड्या घेतल्या. दाराशी जाऊन थांबला आणि मागे न वळताच म्हणाला, "पहिली बिअर तयार झाली की आणतो. तू हुंगशील?"

"मी? मला सगळ्या जगाची किळस येते, व्हर्लिन."

"म्हणूनच," तो म्हणाला.

जत्रेचं काम त्यानं सोडलं, कारण म्हणून मनगट दाखवलं. आता तिथं डॅरिल बसतो. जत्रेत मी लिंबू सरबत पिते.

मे महिन्यात व्हर्लिन बाटली घेऊन आला. मी ग्लासात ओतली. रंग सोन्यासारखा, फेस दाट. व्हर्लिन टोपी हातात धरून माझ्या चेहऱ्याकडे बघत उभा होता आणि एक क्षण मला खोटं बोलावंसं वाटलं. मग मी ग्लास नाकाशी नेला. जोड स्वच्छ असतील, पण मुरायला त्यानं जुनी ओरखडे पडलेली बादलीच वापरली होती. ऑक्टोबरमधली सगळी घाण त्या ओरखड्यांत राहत होती.

"ओत," मी म्हटलं. "आणि बादली फेकून दे."

त्यानं हुज्जत घातली नाही. मागच्या दारानं जाऊन खडीवर बाटली रिकामी केली, नळाखाली धुतली आणि परत येऊन काउंटरला टेकला.

"कसला होता?" त्यानं विचारलं.

"काय?"

"वास."

"घाण होता. अजून कसला असणार?"

"असं नको. नीट सांग."

मग मी सांगितलं. आधी खांद्यावर तान्ह्या बाळानं दूध टाकलेलं, आणि तो कपडा दोन दिवस तसाच राहिलेला. त्याच्याखाली पावसात भिजलेला कुत्रा, गाडीत बंद करून ठेवलेला. मग चीज गाळायचं फडकं, न वाळवता घडी घातलेलं. आणि अगदी तळाशी, उन्हात तापलेल्या दुधाच्या कॅनचं झाकण उघडल्यावर येतो तो. रंगाचा डबा घेऊन एक गिऱ्हाईक खोळंबलं होतं, त्याला मी थांबवलं. व्हर्लिननं डोळे मिटले होते आणि त्याच्या नाकपुड्या हलत होत्या.

मी थांबले.

"अजून सांग," तो म्हणाला.