खुब्यांवर बांधलेली ओढणी

मुलाची बदली चंदीगडला झाली म्हणून मी इथे आले. शहर मला फारसं आवडलं नव्हतं. सगळे चौक सारखेच दिसतात. पण मी जिवंत आहे ती इथल्या माणसांमुळे, तेव्हा तक्रार करणार नाही.

सेक्टरच्या मंडीत मी आणि सून मटार निवडत होतो. रिव्हर्स घेणाऱ्या एका गाडीने मला पाडलं आणि चाक माझ्या खुब्यांवर चढून थांबलं. लोकांनी गाडी पुढे ढकलली. रक्ताचा थेंब दिसत नव्हता, पण पाय हलेनात.

"माताजी, उठो, पानी पियो," म्हणत दोघांनी माझ्या काखेत हात घातले. इकडची माणसं मदतीला मागेपुढे पाहत नाहीत.

"हाथ मत लगाओ! बिठाना नहीं है!" सून ओरडली. ती दवाखान्यात अपघातांच्या वॉर्डात डॉक्टर आहे. घरी तिचा आवाज कधी चढत नाही.

तिने ओढणीची रुंद घडी केली, माझ्या गुडघ्यांमागच्या पोकळीतून घातली आणि हळूहळू खुब्यांपर्यंत सरकवत आणली. मी गावाकडे कितीतरी बाळंतिणींची पोटं बांधली आहेत. मला राहवलं नाही.

"अगं, कमरेला बांध! तुझं पोट मी कुठे बांधलं होतं, विसरलीस?"

"आई, ते पोट होतं. हे खालचं हाडाचं कडं फुटलंय. कमरेला बांधून ते मिटायचं नाही."

"रक्त कुठे दिसतंय?"

"आत वाहतंय. तुमचं ऐकत बसले तर तुम्ही जाल. शिव्या द्या, पण हलू नका."

एका सरदारजींनी एक टोक ओढलं, भाजीवाल्याने दुसरं. मी दोघांच्या नावाने बोंबलले. मग तिने गाठ मारली आणि माझे गुडघेही एकत्र बांधले.

दवाखान्यात माझं लुगडं कापलं, ओढणी मात्र कोणी सोडली नाही. एक शिकाऊ डॉक्टर खुबे दाबून पाहायला निघाला तर मोठ्या डॉक्टरांनी त्याचा हात धरला. "दबाना नहीं, और खून बहेगा. एक्स-रे लो." कडं दोन ठिकाणी तुटलं होतं. रक्तदाब उतरत होता. बाटलीमागून बाटली रक्त चढवलं. मग जांघेतून बारीक नळी घालून, जिथून रक्त गळत होतं ती नस आतूनच बंद केली. हाडं नंतर सळ्यांनी जोडली.

शुद्धीवर आले तेव्हा सून खुर्चीवर बसून झोपली होती. मी तिला उठवलं नाही. उठल्यावर सांगितलं, "तू होतीस म्हणून वाचले." ती म्हणाली, "आणि रक्त होतं म्हणून."

ते कोणाचं होतं, मी विचारलं. तसं सांगत नाहीत म्हणे. मग आभार कोणाचे मानायचे? मी मुलाला म्हटलं, तू जाऊन रक्त दे. सुईचं नाव काढलं तरी त्याला घाम फुटतो. रडतकढत गेला, पण देऊन आला.