तपासणीच्या दिवशी घरी राहिलेली मुलं

ठाण्यातल्या आमच्या कार्यालयात आता सर्वेक्षणाचे तक्ते संगणकावर येतात. कोणत्या शाळेला जादा शिक्षक द्यायचा, ते त्यावरून ठरतं. एखाद्या शाळेचे आकडे फारच छान दिसले की मला शीळफाट्याच्या अलीकडची ती तीन खोल्यांची शाळा आठवते, आणि तिथल्या मुख्याध्यापिका बाई.

तेव्हा मी नुकतीच पदवीधर झाले होते, आमच्या घरातली पहिलीच. वाचन-चाचणी घेण्याचं काम मिळालं होतं. तिसरीच्या प्रत्येक मुलाला छोटा उतारा वाचायला द्यायचा आणि कुठे अडलं ते लिहायचं. कोरे तक्ते, पेन्सिली आणि आईने दिलेला डबा घेऊन मी कल्याणहून निघाले. त्या कामाचा केवढा अभिमान होता मला!

मुलं एकेक करून आली आणि घडाघडा वाचून गेली. एकही अडलं नाही. हजेरीपट पाहिला, तर निम्मा वर्ग गैरहजर.

"तापाची साथ आहे, मॅडम," बाई म्हणाल्या.

"फक्त तिसरीत?"

बाईंनी चहा पुढे सरकवला. "पाहुणे येणार म्हटल्यावर फुटके कप कोणी बाहेर काढतं का?"

मला हे नवीन नव्हतं. माझ्या गावच्या शाळेत तपासणीला साहेब यायचे, त्याच्या आदल्या दिवशी गुरुजी मला बोलवायचे. "पोरी, उद्या तू घरी राहा हं." गुरुजी प्रेमळ होते. पुढे त्यांनीच शाळा सुटल्यावर बसवून मला वाचायला शिकवलं, ते उपकार फिटायचे नाहीत. आणि खरं सांगते, त्या सुट्टीचं मला दुःखही नव्हतं. दिवसभर करवंदांच्या जाळीत हिंडायला मिळायचं. फक्त कुठल्याच साहेबांच्या कागदावर मी कधी आले नाही.

हे मी बाईंना सांगितलं. म्हटलं, "हा तक्ता असाच गेला तर तुम्हाला जादा शिक्षक मिळणार नाही. गरजच दिसत नाही."

"अगं, कमी दाखवून कोणाला शिक्षक मिळालेला मी अजून पाहिला नाही. नोटीस मात्र मिळते."

मला खात्री देता येईना. मी फक्त म्हटलं, "उद्या परत येऊ का?" त्यांनी हजेरीपट मिटला. मग म्हणाल्या, "ये."

दुसऱ्या दिवशी वर्ग भरलेला होता. एका मुलीने पहिल्या शब्दाखाली बोट ठेवलं, ते तिथेच राहिलं. "मना नाय येत," ती हळूच म्हणाली. मी तसं लिहिलं. बाई दारात उभ्या राहून पाहत होत्या.

मी दोन्ही दिवसांचे तक्ते शेजारी शेजारी लावून दिले आणि फरक का पडला तेही लिहिलं.

काही महिन्यांनी बाईंचा फोन आला. "नवीन शिक्षिका आली गं. आणि पहिल्या दिवसाच्या गैरहजेरीबद्दल खुलासा मागणारं पत्रही आलंय. काय लिहू?"

"झालं ते लिहा."

"त्याची सवय नाही मला. रविवारी घरी ये."

मी गेले. दुपारभर बसून आम्ही दोघींनी तो खुलासा लिहिला. सही करण्याआधी बाईंनी तो पुन्हा वाचला, पण कच्च्या मसुद्यातलं एकही वाक्य त्यांनी खोडलं नाही.