गोठ्यातला योसेफ

"खरा मर्द बघायचा तर ह्याला बघा रे," नाताळच्या देखाव्यातल्या गोठ्यात योसेफाची मूर्ती उभी करत पप्पा आळीतल्या पोरांना सांगत होते. "लग्नाआधी मरियेला दिवस गेले. लोक काय म्हणतील, याचा ह्याने विचार केला नाही. तिला सोडलं नाही."

"मानलं, अंकल!" कुणीतरी म्हणालं.

गोठ्यातल्या गवतासाठी ताटात पेरलेली नाचणी घेऊन मी दारात थांबले. दरवर्षी ती ताई पेरायची. यंदा लग्नाआधीच दिवस गेल्याचं तिने सांगितलं, तेव्हा याच पप्पांनी तिची बॅग घराबाहेर ओट्यावर नेऊन ठेवली. आता ती भाड्याच्या खोलीत एकटीच असते आणि तिचं बाळ आठ दिवसांचं आहे.

मातीच्या माणसांवर माया करणं किती सोपं असतं. त्यांच्यामुळे चर्चमध्ये मान खाली घालावी लागत नाही. सणानंतर त्यांना कागदात गुंडाळून माळ्यावर ठेवता येतं, आणि पुढच्या नाताळपर्यंत मर्दपणाही त्यांच्यासोबत तिथेच राहतो.

पप्पांनी ताटासाठी हात पुढे केला. मी एरवी त्यांच्यापुढे बोलत नाही. पण ताट माझ्या हातून सुटेना.

"पप्पा, योसेफाने मरियेला घरी आणलं होतं."