पाचची सभा

उशिरा येणाऱ्यासमोर त्या स्वतःचं मनगट धरायच्या. तोंडाने काही नाही, फक्त घड्याळ. मग सावकाश, "आपण आलात, बरं झालं. आभारप्रदर्शन राहिलंय."

अशा पुणेरी चिमट्यांची ज्यांना सवय आहे, त्यांना आमच्या चिटणीसबाई लगेच ओळखीच्या वाटतील. खडकीच्या कारखान्यातली नोकरी संपवून त्या आमच्या संस्थेत आल्या. आम्ही सगळे बिनपगारी. आजाऱ्यांना पलंग, वॉकर, व्हीलचेअर वापरायला द्यायची, काम झालं की परत आणायची, एवढाच व्याप. बाईंचा नियम एकच: फोन वाजला की जवळचा माणूस उठेल, कारणं सांगणार नाही.

वर्षातून एकदा सभासदांची सभा. तुम्हीही अशा सभांना गेला असाल, तर नोटिशीतलं शेवटचं वाक्य तुम्हाला पाठ असेल. गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास ती अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी भरेल, तिला गणपूर्तीची अट नाही. आमचे सभासद नोटिशीत फक्त तेवढंच वाचत. पाचच्या सभेला साडेपाचला येत, थेट बटाटेवड्यांच्या वासावर. पाच वाजता बाई रिकाम्या खुर्च्यांना "सभा तहकूब" असं खणखणीत आवाजात सांगत. मला हसू आवरायचं नाही.

त्या वर्षी मात्र हसण्यासारखं काही नव्हतं. शाळेने आम्हाला दिलेली खोली परत मागितली होती. धायरीच्या एक काकू, आमच्या सभासदच, तळमजल्याची जागा द्यायला तयार होत्या. पण त्यांना रीतसर ठराव हवा होता, आणि जागा बदलण्याचा ठराव आमच्या घटनेप्रमाणे तहकूब सभेत चालत नाही. ठराव नाही तर जागा नाही, आणि जागा नाही तर संस्थेला कुलूप. बाईंनी महिनाभर फोन केले. "साडेपाचला येणार असाल तर येऊच नका. वडे उरले तर पाठवू."

आणि काय सांगू तुम्हाला, लोक आले. मंडईतले गाळेवाले आले, आयटीतली पोरं सुट्टीतली दुपारची झोप मोडून आली. खुर्च्या संपल्या तेव्हा लोक आमच्याच व्हीलचेअरवर बसले, एक काका तर कमोडच्या खुर्चीवर, झाकण लावून. मी डोकी मोजत होतो. पाचला थोडा वेळ असतानाच गणपूर्ती झाली, वर एक माणूस जास्त. टाळ्यांनी सभागृह दणाणलं. बाई चक्क हसल्या.

तेवढ्यात फोन वाजला आणि सवयीने सहा जण एकदम उठले.

मंडईजवळचे एक आजोबा दवाखान्यातून घरी आले होते, दारात ॲम्ब्युलन्समध्येच आडवे. पलंग हवा होता, आणि आमचा पलंग जिन्याने चढवायला चार माणसं लागतात.

"बाई, दहा मिनिटं थांबायला सांगू?" मी विचारलं. "तेवढ्यात ठराव होऊन जाईल."

"सांगा की. पण सांगून झाल्यावर इथे स्वस्थ बसता आलं पाहिजे."

मला सांगवेना.

बाईंनी उभ्या असलेल्यांपैकी चौघांना खूण केली. "जा. जिन्याच्या वळणावर जपून." ते गेले आणि गणपूर्तीला तीन माणसं कमी पडली. मग पाचच्या ठोक्याला, लोकांनी गच्च भरलेल्या सभागृहासमोर, त्या म्हणाल्या, "सभा तहकूब." त्यांचा आवाज कापलेला मी पहिल्यांदाच ऐकला.

अर्ध्या तासाने बाकीचं कामकाज झालं. शेवटी धायरीच्या काकू उठल्या. "दुसरे एक जण ती जागा मागताहेत. त्यांना नाही म्हणून कळवते. तुम्ही तेवढी लवकर पुन्हा सभा घ्या."

"नोटीस उद्या निघेल," बाई म्हणाल्या, आणि बराच वेळ पाणी पीत राहिल्या.

नोटीस निघाली. सभेच्या आठवडाभर आधी बाई झोपेतच गेल्या. निम्म्या पुण्याला पलंग पोहोचवणाऱ्या बाईंना आमचा पलंग एक दिवसही लागला नाही. कुणाला काही करूच दिलं नाही त्यांनी, याचा मला अजून राग येतो.

त्या सभेला पाचच्या कितीतरी आधी सभागृह भरलं. लोक भिंतींना टेकून उभे होते, पार दारापर्यंत. पाच वाजता काकूंनी ठराव वाचला आणि सगळे हात एकदम वर गेले. मोजायची गरजच नव्हती. तरी एकही हात खाली येईना, कारण 'मंजूर' म्हणायचं काम चिटणीसांचं होतं.